नागपूरच्या प्रोग्रॅमरला युनियन काहून पाहिजे?

डिसेंबर उजाडला की नागपुरात हिवाळी अधिवेशन येतं आणि त्याच्या मागोमाग मोर्चे येतात. १९५३ च्या नागपूर करारातून विदर्भाच्या पदरात नेमकं काय पडलं, यावर रात्रभर भांडता येईल. पण ज्याला सरकारशी बोलायचं आहे त्याला बोलायची एक जागा आणि एक मोसम मिळाला, एवढं तरी मान्य करावं लागेल. अंगणवाडी सेविका येतात, आशा येतात, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक येतात. यशवंत स्टेडियमवरून निघतात, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला किंवा टेकडी रोडवर अडवले जातात, शिष्टमंडळ आत जातं, निवेदन देऊन येतं. पुष्कळदा आश्वासनावर बोळवण होते. कधी कधी मानधन वाढतंही.

या गर्दीत गळ्यात आयटी कंपनीचा बिल्ला अडकवलेला माणूस दिसत नाही. तो वर्धा रोडवर कॅबमध्ये खोळंबलेला असतो आणि टीमच्या ग्रूपवर लिहीत असतो, "मोर्चा निघून राहिला बे, उद्या घरूनच करतो." मोर्चा ही दुसऱ्या लोकांची गोष्ट आहे, युनियन ही तर त्याहून दुसऱ्यांची, अशी आमच्या क्षेत्रात ठाम समजूत आहे. गिरणीवाले, एसटीवाले, एमएसईबीवाले, बँकवाले. आपण 'प्रोफेशनल'. आपल्याला पटलं नाही तर आपण कंपनी बदलतो.

इथेच गोम आहे. कंपनी बदलतो, हे वाक्य हिंजवडीत खरं आहे, बंगळूरमध्ये त्याहून खरं आहे. नागपुरात ते अर्धंच खरं आहे. म्हणून पुण्याच्या मुलापेक्षा नागपूरच्या मुलाला युनियनची गरज जास्त आहे, असं मी म्हणतो.

हिशेब करून बघा. विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल, परसोडीच्या आयटी पार्कात पर्सिस्टंट आणि आणखी काही मध्यम कंपन्या. शहराच्या आकाराच्या मानाने मोठी नावं बोटांवर मोजण्यासारखी आहेत. आठ-दहा वर्षांचा अनुभव आणि एखाद्या विशिष्ट तंत्रज्ञानात मुरलेला हात असला, तर तुमच्यासाठी शहरात एका वेळी किती जागा उघड्या असतात? दोन, तीन, कधी एकही नाही. हिंजवडीतला माणूस राजीनामा देऊन रस्त्यापलीकडच्या इमारतीत जातो. नागपूरचा माणूस राजीनामा देतो तेव्हा त्याला शहर सोडावं लागतं. बेसा किंवा मनीषनगरातल्या फ्लॅटचा हप्ता चालू असतो, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं, बायकोची नोकरी जिल्हा परिषदेत असते, पोरगं शाळेत रुळलेलं असतं. पुण्याहून परत आलेले तर जास्तच अडकतात. एकदा परत येण्याचा सोहळा झाल्यावर पुन्हा सामान बांधायचं म्हणजे घरात कोण ऐकणार?

कंपन्यांना हे ठाऊक आहे. लहान शहरांत ऑफिस उघडण्याची त्यांची कारणं गुप्त नाहीत. जागा स्वस्त, पगार थोडे कमी चालतात आणि लोक टिकतात. 'लोक टिकतात' हा त्यांच्या सादरीकरणातला गुण असतो. आमच्या बाजूने त्याचा अर्थ असा की, सौदा करताना नोकरदाराच्या हातात 'मी निघतो' एवढंच एक पान असतं आणि नागपूरच्या माणसाचं ते पान समोरच्याला आधीच दिसतं. त्याला अप्रेझलमध्ये 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' देऊन चार टक्क्यांत गुंडाळता येतं. तो कुठे जाणार आहे?

ज्याला निघून जाता येत नाही त्याच्याकडे बोलण्याचा मार्ग उरतो, आणि एकट्याने बोलून काय होतं ते मॅनेजरबरोबरच्या प्रत्येक वन-ऑन-वनमध्ये आपण पाहतो. यावर नेहमीचं उत्तर तयार असतं. ज्याच्यात गुणवत्ता आहे त्याला बाजार किंमत देतोच. बाजार खरंच मोकळा असेल तर देईलही. पण गुणवत्तेची पंढरी मानल्या जाणाऱ्या सिलिकॉन व्हॅलीत अॅपल, गूगल, इंटेल, अॅडोबी या कंपन्यांनी 'एकमेकांची माणसं फोडायची नाहीत' असं आपसात ठरवून घेतलं होतं. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१० मध्ये ते मोडून काढलं आणि पुढे २०१५ मध्ये या चार कंपन्यांना इंजिनियरांना ४१.५ कोटी डॉलर द्यावे लागले. जगातले सगळ्यात हुशार समजले जाणारे इंजिनियर, आणि त्यांचा भाव त्यांच्या नकळत बंद खोलीत ठरत होता. मालक लोक एकत्र बसतात, यात नवल काही नाही. नॅसकॉम ही आयटी कंपन्यांची संघटना १९८८ पासून आहे. आपल्याकडे विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन आहे. संघटित होणं त्यांना कधी कमीपणाचं वाटलं नाही.

पगारवाढीसाठी युनियन हवी, असं मात्र मी आधी म्हणणार नाही. ते झालं तर बरंच. युनियनचा पहिला आणि सगळ्यात रोकडा फायदा नोकरी जाण्याच्या दिवशीचा आहे.

आमच्या क्षेत्रात माणसाला काढत नाहीत, त्याच्याकडून राजीनामा घेतात. पद्धत आता इतकी सरावाची झाली आहे की तिच्यातले बारकावेसुद्धा कंपनीगणिक बदलत नाहीत. कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग येते, विषय 'कनेक्ट'. कॉलवर तुमच्या मॅनेजरबरोबर एचआरची एक व्यक्ती असते, जिला तुम्ही कधी पाहिलेलं नसतं. मॅनेजरचा कॅमेरा बंद असतो. एचआरचा आवाज मऊ. 'बिझनेस रिक्वायरमेंट' बदलली आहे, तुमचा प्रोजेक्ट बंद होतोय, प्रोजेक्टविना बेंचवर इतके दिवस झाले. दोन पर्याय आहेत. आज स्वतःहून राजीनामा टाकला तर दोन महिन्यांचा पगार आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर. नाही टाकला तर आम्हाला टर्मिनेट करावं लागेल, आणि पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये ते दिसेल. विचार करायला वेळ? संध्याकाळपर्यंत. मग पोर्टलवर राजीनाम्याचं पान उघडतं. कारणांच्या यादीत 'उत्तम संधी', 'उच्च शिक्षण', 'वैयक्तिक कारण' असे पर्याय असतात. 'मला सांगितलं म्हणून' असा पर्याय त्या यादीत नसतो. माणूस 'वैयक्तिक कारण' निवडतो, सबमिट करतो, आणि अर्ध्या तासात व्हीपीएन बंद पडतं.

२०१७ मध्ये टेक महिंद्रातला असाच एक फोन रेकॉर्ड होऊन बाहेर आला. उद्या सकाळी दहापर्यंत राजीनामा दे, असं एचआर त्यात सांगत होती. आनंद महिंद्रांनी जाहीर माफी मागितली. माफी मनापासून असेलही. त्या माफीने क्षेत्राची पद्धत बदलली नाही, इतकंच. रेकॉर्डिंगवर मात्र सगळे सावध झाले.

त्या एका क्लिकने काय जातं? कामगाराला कपातीत काढायचं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. समजा पगार साठ हजार आणि नोकरी आठ वर्षांची. ढोबळ मानाने दोन लाख चाळीस हजार नुकसानभरपाई, वर नोटिशीचे साठ हजार. ग्रॅच्युइटी वेगळी, ती तशीही मिळायचीच. नव्या संहितेत कपात झालेल्या कामगाराच्या नव्या प्रशिक्षणासाठी मालकाने आणखी पंधरा दिवसांचा पगार निधीत भरायचा आहे. 'वैयक्तिक कारण' निवडलं की यातलं काहीच लागू होत नाही, कारण तुम्हाला कुणी काढलेलंच नसतं. आणि समोर ठेवलेला दोन महिन्यांचा पगार, जो घेताना माणूस 'चला, कंपनी निदान माणुसकीने वागली' असं म्हणतो, तो त्याच्या हक्काच्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी असतो.

त्या पंधरा मिनिटांत माणूस एकटा असतो आणि त्याला कायदा माहीत नसतो. सगळा खेळ या दोन गोष्टींवर चालतो. युनियनचा सभासद असला तर त्याच्या फोनमध्ये एक नंबर असतो. पलीकडून कुणीतरी सांगतं, आज काही भरू नकोस, जे सांगितलं ते ईमेलवर मागून घे, उद्या सकाळी आपण पत्र देऊ. बस, एवढंच. खरं तर युनियनचं निम्मं काम 'आज सही करू नको' या चार शब्दांत संपतं. उरलेलं निम्मं म्हणजे कामगार आयुक्तांकडे तक्रार, समेटाची तारीख आणि कंपनीच्या वकिलासमोर आपला वकील.

हे कागदावरचं बोलणं नाही. २०१५ च्या जानेवारीत मोठ्या कपातीच्या लाटेत एका गर्भवती अभियंतीला काढलं, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्याच लाटेत नोकरी गेलेल्या एका तंत्रज्ञाला चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये मागच्या पगारासकट परत घ्यायला सांगितलं. कर्नाटकात २०२४ मध्ये आयटीचा दिवस चौदा तासांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तिथल्या आयटी कर्मचारी युनियनने रान उठवलं आणि प्रस्ताव पुढे सरकला नाही. म्हैसूरला २०२५ च्या फेब्रुवारीत शेकडो प्रशिक्षणार्थींना एका परीक्षेच्या निकालावर बाहेर काढलं, तेव्हा श्रम मंत्रालयापर्यंत तक्रार नेली ती पुण्याच्या 'नाइट्स' या संघटनेने. त्याच वर्षी जुलैत टीसीएसने सुमारे बारा हजार लोक, म्हणजे मनुष्यबळाच्या दोन टक्के, कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हाही सरकारदरबारी गेल्या त्या अशाच चार-दोन संघटना. सगळीकडे विजय मिळाला असं नाही. पुष्कळ प्रकरणं नुसत्या पत्रांवर विरली, आणि सात वर्षं कोर्टात काढून मिळालेली नोकरी ही काही गोड गोष्ट नाही. पण ज्यांनी लढा दिला त्यांच्यामागे बहुतेक वेळा कुठली तरी संघटना होती. एकेकट्याने पोर्टलवर 'वैयक्तिक कारण' निवडलेल्यांचा तर हिशेबही कुठे नाही.

"पण आपण वर्कर थोडीच आहोत? माझं डेझिग्नेशन असोसिएट मॅनेजर आहे." आयटी पार्कच्या रस्त्यावर रात्री नऊला पोह्यावर तर्री घेताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता उत्तर पाठ झालंय. कायदा पाटी पाहत नाही, काम पाहतो. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. तुमच्या हाताखाली रजा मंजूर करायला कुणी नाही, दिवसभर तुम्ही कोड लिहिता, टेस्ट केस चालवता, तिकिटं बंद करता, तर कार्डावर काहीही छापलेलं असो, तुमचं काम तांत्रिक आहे, आणि तांत्रिक काम करणारा माणूस कामगाराच्या व्याख्येत बसतो. पदं फुगवून वाटण्याची आमच्या क्षेत्रातली उदारता उगाच नाही, असा माझा संशय आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत एक बारीक पण कामाची गोष्ट आहे. युनियनच्या प्रकरणापुरतं 'कामगार' म्हणजे उद्योगात नोकरी करणारे सगळे. म्हणजे कपातीच्या भरपाईसाठी तुम्ही कामगार ठरता की नाही यावर वाद होईल तेव्हा होईल, युनियनचे सभासद व्हायला खऱ्याखुऱ्या मॅनेजरलाही आडकाठी नाही. आणि युनियनमध्ये गेला म्हणून त्रास देणं किंवा काढणं ही कायद्याने अनुचित प्रथा आहे.

या संहिता सगळ्याच आमच्या भल्याच्या आहेत असं नाही. संपासाठी चौदा दिवसांची नोटीस सगळ्याच उद्योगांना लावली आहे. निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. कपातीसाठी सरकारची परवानगी लागणारी मर्यादा कामगारसंख्या शंभरवरून तीनशेवर नेली आहे. कामगार संघटनांनी यावर टीका केली ती योग्यच होती. पण याच संहितांत नेमणूकपत्र सक्तीचं आहे, नोकरी सुटल्यावर कामाच्या दोन दिवसांत मजुरी चुकती करायची आहे, वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे निम्मे कामगार प्रतिनिधी असलेली तक्रार निवारण समिती हवी आहे. तुमच्या ऑफिसात ती समिती आहे का? सभासद कोण? फुल अँड फायनलला पंचेचाळीस दिवस लावणाऱ्या कंपनीला 'दोन दिवस' हे कुणी वाचून दाखवलं? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दर आहे. आमच्यात कुणाला रिलीजच्या आठवड्यात तो मिळाल्याचं ऐकिवात नाही. रोजच्या तासांची मर्यादा नऊवरून दहा करायला मंत्रिमंडळाने २०२५ च्या सप्टेंबरात मान्यता दिली, आणि मिहानमध्ये त्याची चर्चा जेमतेम एक दुपार टिकली. कायदा आपोआप अंगाला लागत नाही. तो वाचून पाठपुरावा करणारी माणसं लागतात, आणि त्यांच्या पाठीशी वर्गणी लागते.

आता रात्रीच्या कॅबचं घ्या. ही गोष्ट पगाराच्या वाटाघाटीत कधी येत नाही आणि रोज जिवाला घोर लावते. मिहान शहराच्या बाहेर आहे. रात्री साडेअकराची शिफ्ट सुटली की कॅब खापरीवरून निघते, आणि कुणाला कुठल्या क्रमाने सोडायचं हे अॅप ठरवतं. अॅपला सगळ्यात कमी किलोमीटरचा रस्ता हवा असतो. त्यामुळे कधी नारा-जरीपटक्याकडे राहणारी मुलगी शेवटची उतरते आणि तिच्याबरोबर गाडीत फक्त ड्रायव्हर असतो. गार्ड द्यायचा असतो, पण खर्च कमी करताना पहिला तोच कमी होतो. एकटीने तक्रार केली तर तिला सोयीची शिफ्ट देतात, म्हणजे प्रश्न तिचा वैयक्तिक ठरतो आणि पुढच्या आठवड्यात त्या सीटवर दुसरी मुलगी बसते. पुढे अशी कुजबुज सुरू होते की, मुलींना रात्री घ्यायचं म्हणजे कटकट. ही अडचण एकटीला सोडवताच येत नाही. ती सगळ्या कॅबची आहे, सगळ्या शिफ्टची आहे. वीस जणींच्या वतीने एका पत्रावर युनियनचा शिक्का असला तर कुणा एकीचं नाव पुढे येत नाही. पुरुष सहकाऱ्यांनाही त्याच पत्रावर सही करता येते, हे वेगळं सांगायला नको.

एआयचा मुद्दा मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो निघाला की गप्पा लगेच भविष्यवाणीत शिरतात. कुणाच्या किती नोकऱ्या जातील यावर मी काही बोलणार नाही. मागे काय झालं ते सांगतो. नागपुरात बँकवाल्यांची घरं भरपूर आहेत. किंग्जवेच्या, सिव्हिल लाइन्सच्या शाखांत आयुष्य काढलेल्या कुणाही निवृत्त क्लार्कला विचारा. बँकांत कॉम्प्युटर यायला युनियनचा कडवा विरोध होता आणि त्याची चेष्टा आम्हा आयटीवाल्यांनी पुष्कळ केली आहे. पण १९८३ मध्ये बँकांच्या संघटनेने आणि कर्मचारी संघटनांनी यांत्रिकीकरणावर करार केला. यंत्रं कुठे, किती आणि कोणत्या अटींवर येणार, हे टेबलावर बसून ठरलं. त्यापुढच्या वर्षांत बँका संगणकावर गेल्याच. त्या निवृत्त क्लार्कने मात्र ते संक्रमण नोकरीत राहून पाहिलं, भत्ता घेतला, प्रशिक्षण घेतलं, आणि आज त्याचा पोरगा मिहानमध्ये साडेतीन लाखांच्या पॅकेजवर लागून, आपल्याच टीमचं काम एका टूलला शिकवतो आहे. ते शिकवून झाल्यावर त्याचं काय, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. हॉलिवूडचे पटकथालेखक २०२३ मध्ये १४८ दिवस संपावर होते आणि त्यांनी करारात एआयच्या वापराच्या अटी घालून घेतल्या. ते लेखक काही गिरणीत काम करत नाहीत. टूल आणायचं तर आणा, पण ज्यांच्या कामावर ते शिकलं त्यांना आधी नवं काम शिकवा, आणि टूल आलं म्हणून सहा महिने तरी कुणाला बेंचवर टाकू नका. एवढी मागणी करायलासुद्धा समोर बसणारं कुणीतरी लागतं.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप मी टाळणार नाही. "मिहान आधीच अर्धं रिकामं. युनियन आली की येणाऱ्याही कंपन्या हैदराबादला पळतील. गिरण्यांचं काय झालं, ठाऊक आहे ना?" नागपूरकराच्या मनातली ही भीती खरी आहे आणि तिची टिंगल करू नये. मुंबईचा १९८२ चा संप, दत्ता सामंत, अडीच लाख गिरणी कामगार आणि त्यानंतरची उजाड गिरणगावं ही आमच्या आईवडिलांच्या पिढीने पेपरात रोज वाचलेली गोष्ट आहे. तो संप कुठे थांबवायचा हे कुणाला कळलं नाही, हेही खरं.

पण नागपूरची स्वतःची गिरणी आठवा. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला इथे एम्प्रेस मिल सुरू केली. १८८६ मध्ये तिथे पेन्शन फंड आला, पुढे अपघाताची भरपाई, प्रॉव्हिडंट फंड. देशात कुणी असं काही सक्तीचं केलेलं नसताना एका मालकाने आपल्या मनाने केलं. 'चांगली कंपनी असली की युनियन लागत नाही' या म्हणण्याला याहून चांगलं उदाहरण भारतात मिळणार नाही. आणि तरीही त्याच शहरातल्या गिरणी कामगारांनी युनियन बांधली, कारण जमशेटजी कायम राहणार नव्हते. १९८६ मध्ये मिल राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये बंद झाली, आणि त्या जागेवर आता एम्प्रेस मॉल आहे. चांगला मालक ही नशिबाची गोष्ट आहे. आमच्याकडे तर मालक बदलायलाही नको, अमेरिकेतल्या एका क्लायंटने कंत्राट फिरवलं की चांगली कंपनी एका तिमाहीत वाईट होते.

आणि कंपन्या पळण्याचं म्हणाल, तर चेन्नई-बंगळूर-पुण्यात आयटी संघटना कित्येक वर्षं काम करताहेत, तिथून कुठली मोठी कंपनी त्या कारणाने गाशा गुंडाळून गेली? कंपनी जाते ती विमानं कमी, अनुभवी माणसं कमी, मोठे क्लायंट यायला कचरतात म्हणून. मिहान का भरत नाही याची चर्चा वीस वर्षं चालू आहे आणि त्या काळात तिथे आयटीची युनियन नव्हती.

राजकारणाचं काय? इथे मी युनियनवाल्यांनाही सोडणार नाही. आयटक या देशातल्या पहिल्या मोठ्या कामगार महासंघाचं १९२९ चं अधिवेशन नागपुरातच झालं, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि तिथेच ती संघटना फुटली. ब्रिटिश सरकारच्या व्हिटली कामगार आयोगावर बहिष्कार घालायचा का, कुठल्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी नातं जोडायचं, यावर ना. म. जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. मुद्दे लहान नव्हते, पण एम्प्रेसमध्ये साच्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या पगाराशी त्यांचा संबंध दूरचा होता. तेव्हापासून आजतागायत झेंड्याच्या रंगावरून संघटना फुटत आल्या आहेत, आणि आयटीतला मुलगा 'नको ती भानगड' म्हणतो तेव्हा त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. युनियन ही अमक्याच विचाराची जहागीर आहे, असं मात्र नागपूरकराने म्हणू नये. भारतीय मजदूर संघ १९५५ मध्ये स्थापन करणारे दत्तोपंत ठेंगडी शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे. आणि मालकांनी युनियनला मान्यता द्यायलाच हवी अशी कायदादुरुस्ती १९४३ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडली ती मजूर खात्याचे सदस्य असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. तसा कायदा १९४७ मध्ये मंजूर झाला, पण अंमलात कधी आला नाही. लाल, भगवा, निळा, ज्याला जो रंग जवळचा आहे त्या बाजूने तो युनियनपर्यंत पोहोचू शकतो. आत आल्यावर तो रंग दाराशी ठेवावा, एवढंच.

म्हणून नागपूरच्या आयटी युनियनने स्वतःची घटना लिहिताना काही अटी पहिल्याच पानावर घालाव्यात. पदाधिकारी दोन मुदतींनंतर घरी. कुठल्याही पक्षाचा पदाधिकारी इथला पदाधिकारी नाही. कायद्याने बाहेरची माणसं पदांवर एक तृतीयांश किंवा पाच, यातली कमी ती संख्या, इतकीच चालतात. आपण ती एखाद-दुसऱ्या वकिलापुरती ठेवू. हिशेब दर तिमाहीला सभासदांच्या ईमेलवर. ज्येष्ठतेलाच चिकटून राहणारी, काम न करणाऱ्याला पाठीशी घालणारी संघटना आम्हाला नको आहे, हेही लिहावं. काम कमी पडतं असं कंपनीचं म्हणणं असेल तर तिने ते लेखी, वेळेवर, सुधारायला मुदत देऊन सांगावं. पीआयपी, म्हणजे कामगिरी सुधारण्याचा आराखडा, आधी लिहून मग कारणं शोधू नयेत.

नोंदणीला लागतं तरी किती? कायद्याप्रमाणे एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तितके सभासद, आणि अर्जावर सात सह्या. म्हणजे जास्तीत जास्त शंभर माणसं. मिहानच्या एखाद्या कॅन्टीनमध्ये दुपारी एक वाजता याहून जास्त लोक पनीरच्या रांगेत असतात. एकाहून जास्त युनियन असताना वाटाघाटीची एकमेव युनियन म्हणून मान्यता हवी असेल तर हजेरीपटावरचे ५१ टक्के लागतात, ते दूरचं आहे आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याच्या मागे लागूही नये. शंभर जणांनी महिन्याला दोनशे रुपये टाकले तर वीस हजार होतात. तेवढ्यात कामगार कायदा जाणणारा एक वकील ठरावीक मानधनावर मिळतो, एक फोन चोवीस तास चालू ठेवता येतो, आणि 'कनेक्ट' नावाची मीटिंग कॅलेंडरवर आली की काय करायचं याचं एक पानी टिपण मराठीत, हिंदीत छापून प्रत्येक नव्या सभासदाला देता येतं. पहिली ओळ ठरलेलीच आहे: आज सही करू नको. दुसरी ओळ अशी असावी: कॉल संपल्यावर दहा मिनिटांत, जे बोलणं झालं ते आपल्या शब्दांत लिहून एचआरला ईमेल करा आणि त्याची प्रत आपल्या खासगी पत्त्यावर ठेवा, कारण ऑफिसचा मेलबॉक्स संध्याकाळपर्यंत तुमचा राहणार नाही.